ओढा धरून उतरू नका

सकाळी आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, 'रानात वाट चुकली तर ओढा धरून खाली उतरायचं, गाव लागतंच.' त्यावर अंगठ्यांची रांग. दिवसभर ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

सह्याद्रीत हे करू नका. हात जोडून सांगतो.

मागच्या डिसेंबरात आम्ही तिघं पुणे जिल्ह्यातल्या केळद गावाच्या बाजूला गेलो होतो. मढे घाट पाहिलेला, तोरणा-राजगड कितीदा झालेले. या वेळी नाव-गाव नसलेल्या टेकाडांतून नुसतं भटकायचं ठरलं. गवत पिवळं पडलेलं, कुसळं मोज्यांत घुसत होती. ओढ्याला धार नव्हती, खळग्यांत साचलेलं गार पाणी आणि त्यावर कुजकी पानं. तीनच्या सुमाराला वाट हरवली आणि आम्हीही तेच शहाणपण केलं. ओढ्यात उतरलो. समोर झाडी विरळ होऊन एकदम उजेड दिसला. वाटलं, आली शेतं!

मागून हाक आली. गुरं घेऊन निघालेले एक मामा. "आरं ए पोरांनो, कुठं निघालाय? ह्यो वढा कोकणात पडतोय!"

दहा पावलं पुढे जाऊन पाहिलं. तो उजेड शेतांचा नव्हता, कड्यापलीकडच्या आभाळाचा होता. पावसाळ्यातला धबधबा, आता कोरडाठाक. तळ दिसेना.

घाटमाथ्यावर हाकेच्या अंतरावर दोन ओढे निघतात. एकाचं पाणी पूर्वेला नीरा-भीमेतून कृष्णेला मिळतं, दुसरा पश्चिमेला कड्यावरून उडी घेतो. झाडीत उभं राहून कोणता कुठला हे सांगून दाखवा! आणि पूर्वेचा असला म्हणून काय झालं? आपला डोंगर लाव्हाच्या थरांचा, पायऱ्या-पायऱ्यांचा. एका टप्प्यावरून घसरत उतरलात आणि पुढचा शंभर फुटांचा निघाला, की वरही नाही आणि खालीही नाही. अंगठे देणाऱ्यांपैकी कोणी असा अडकलाय का कधी?

सपाटीच्या रानात चालत असेल हा सल्ला, असो. मोबाईलमध्ये नकाशा हवाच होता, तेही मान्य. आम्ही नेला नव्हता.

पण वाट चुकली तर आल्या पावली मागे फिरा. ओळखीची जागा येईपर्यंत. नाहीच आली तर डोंगराच्या सोंडेवर चढून आधी गाव कुठे दिसतं ते बघा.

मामांनी आम्हाला ढोरवाटेला लावलं. म्हणाले, "श्याण बघत चला. सांजच्याला जनावर गोठ्याकडंच जातं." खरंच, शेणाच्या पोवांमागून चालत सहाला, अंधार पडता पडता, वाडीत पोहोचलो. मामींनी चुलीवरचा चहा दिला. कानाला अजून रुमाल बांधलेला, हात राखेने पांढरे झालेले. पैसे काढले तर मामा रागावलेच. "फुडच्या बारीला दुपारी दोनाला माघारी फिरायचं," एवढंच म्हणाले.

पोस्टवाल्याला दुपारी मेसेज केलाय. अजून काढलेली नाही. काढ रे बाबा, आज रात्रीच काढ. उद्या रविवार आहे.