चेटकीण मेली, पण दाखला कुठे आहे?

आमच्या कट्ट्यावर गाण्यांवरून वाद नेहमीच होतात. परंतु हॉलीवूडच्या गाण्यावरून तो गेल्या रविवारी प्रथमच झाला आणि त्याला निमित्त झाली सुहासची नात. तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या १९३९ च्या चित्रपटातील एक प्रवेश बसवला जात असून ‘डिंग डाँग! द विच इज डेड’ या जल्लोषाच्या गाण्यावर चाळीस मुले नाचणार आहेत. तालमीला आलेल्या एका आजोबांनी बाईंना थेट विचारले, की कोणी मेल्याबद्दल टाळ्या पिटून नाचायला आपण मुलांना का शिकवीत आहोत. सुहासने ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासाठीच सांगितली होती. दत्ता मात्र हसला नाही.

“त्या गृहस्थांचे काही चुकले असे मला वाटत नाही,” दत्ता म्हणाला. “रावणाचे अंत्यसंस्कार करायला बिभीषण कचरत होता, तेव्हा रामाने त्याला ‘मरणान्तानि वैराणि’ असे सांगितले. वैर मरणापाशी संपते. इथे तर घराखाली चिरडलेल्या बाईचे पाय बाहेर दिसत आहेत आणि तिच्या उशाशी जत्रा भरली आहे.”

“आणि त्याच रावणाला आपण दरवर्षी फटाके लावून जाळतो, ते कुठल्या श्लोकात बसवायचे?” नंदाताईंनी विचारले. त्यांनी शाळेत संगीत शिकवण्यात आयुष्य घालवले आहे, त्यामुळे गाण्याबद्दल बोलताना त्या आधी गाणे नीट समोर मांडतात आणि मगच मत देतात. त्यांनी सांगितले, की चित्रपटाची नायिका डोरोथी हिने कोणालाही मारलेले नाही. कॅन्ससमधील चक्रीवादळाने तिचे घर उचलून नेले आणि ते पूर्वेच्या दुष्ट चेटकिणीवर पडले. मंचकिन नावाची ती ठेंगणी माणसे सुरुवातीला फुलझाडांच्या आड दडून बसलेली असतात, ग्लिंडा ही चांगली चेटकीण त्यांना गोंजारून बाहेर बोलावते आणि मगच ती एकेक करून, चाचरत, पुढे येतात. हॅरल्ड आर्लेनची चाल त्या बुजरेपणातून हळूहळू वर चढत जाते. “गाणे पहिल्या क्षणापासून नाचत सुटले असते तर मीही दत्ताच्या बाजूने बोलले असते,” त्या म्हणाल्या. “परंतु ही माणसे आनंदाच्या आधी भीती बाहेर टाकत आहेत.”

आमच्यातील वकीलसाहेबांना या प्रवेशातील भलतीच गोष्ट आवडते. जल्लोष ऐन रंगात आलेला असताना नगराध्यक्ष पुढे येतो आणि त्याचा कायदेपंडित त्याला अडवतो, की आधी ही गोष्ट कायद्याने पडताळून पाहिली पाहिजे. मग चेटकीण नैतिकदृष्ट्या, आत्मिकदृष्ट्या, शारीरिकदृष्ट्या आणि निर्विवादपणे मेली आहे काय, अशा क्रियाविशेषणांची रांग लागते. त्यावर रुंद, वळलेल्या काठांची टोपी घातलेला कोरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, येतो, मृत्यूच्या दाखल्याची लांबलचक गुंडाळी उलगडतो आणि आपण तिची कसून तपासणी केली असून ती केवळ मेलेली नाही, तर अगदी मनापासून मेलेली आहे, असे यमक जुळवून जाहीर करतो. “मुंबईतही पूर्वी कोरोनरचे न्यायालय होते, त्यामुळे हे पात्र मला परके वाटतच नाही,” वकीलसाहेब म्हणाले. “ज्यांनी जन्मभर जुलूम सोसला, त्यांचा डोळ्यांसमोरच्या प्रेतावरही विश्वास बसत नाही, त्यांना शिक्का मारलेला कागद लागतो. तो कागद वाचून झाल्यावरच नगराध्यक्ष हा दिवस सर्व मंचकिनांचा आणि त्यांच्या वंशजांचा स्वातंत्र्यदिन म्हणून घोषित करतो. तलाठ्याकडे हेलपाटे घातलेल्या माणसाला ही गंमत अधिक कळते.”

हे शब्द लिहिणारा यिप हार्बर्ग न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू वस्तीत वाढला होता. १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत त्याचा विजेच्या उपकरणांचा धंदा बुडाला, तेव्हा तो गीतलेखनाकडे वळला, आणि १९३२ मध्ये रांगेत उभ्या राहिलेल्या बेकार माणसाच्या तोंडी त्याने दिलेले गाणे त्या मंदीचे गाणे ठरले. पुढे डाव्या विचारांमुळे हॉलीवूडने त्याला काळ्या यादीत टाकले. सुहासने ही माहिती सांगितली ती चेटकीण म्हणजे सत्ता आहे आणि मुले त्या सत्तेच्या अंतावर नाचत आहेत, हे सिद्ध करण्यासाठी. माझ्या मते त्याने तिथेच घोटाळा केला, कारण दत्ताला हवे होते ते नेमके त्याने हाती दिले.

“सत्तेचा अंत म्हणतोस ना? मग २०१३ सालचे बोलू,” दत्ता म्हणाला. त्या वर्षी ८ एप्रिलला ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर वारल्या आणि काही दिवसांतच त्यांच्या विरोधकांनी हे जुने गाणे एवढ्या संख्येने विकत घेतले, की ब्रिटनच्या गाण्यांच्या साप्ताहिक यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. अंत्यविधी व्हायचा होता. बीबीसीसमोर पेच पडला, की गाणे वाजवले तर शोकाकुल कुटुंबाचा अपमान होतो आणि गाळले तर सेन्सॉरशिप होते. शेवटी त्यांनी पूर्ण गाणे न वाजवता एका बातमीत त्याचा काही सेकंदांचा तुकडा ऐकवला, आणि त्यामुळे दोन्ही बाजू नाराज झाल्या. “चेटकीण कागदावरची असते,” दत्ता पुढे म्हणाला, “परंतु सत्त्याऐंशी वर्षांची म्हातारी, जिला सत्ता सोडून बावीस वर्षे झाली होती, ती हाडामांसाची होती. गाण्याला ही सवय तुमच्या त्या निरागस जल्लोषानेच लावली.”

इतका वेळ गप्प असलेला बबन इथे बोलला. त्याचे वडील गिरणी कामगार होते आणि १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. “आमच्या चाळीत कोणाच्या मरणावर कोणी नाचले नाही,” तो म्हणाला, “परंतु ब्रिटनचे खाणकामगार १९८४-८५ मध्ये थॅचर यांच्या सरकारविरुद्ध वर्षभर संपावर राहून हरले, त्यांच्या खाणी बंद झाल्या आणि त्यांची गावे ओस पडली. अंत्यविधीच्या दिवशी यॉर्कशरमधील गोल्डथॉर्प गावाने खोटी तिरडी काढून जाळली. ते मला आवडले नाही. पण त्या लोकांना सभ्यता शिकवायला मी जाणार नाही. सगळे वर्तमानपत्र ‘मेल्या म्हशीला मण दूध’ करीत असताना ज्यांनी ती म्हैस सांभाळली, त्यांनीही तेच म्हणावे काय?”

यावर कोणी काही बोलले नाही. चहावाल्याने कपबशा उचलल्या, तेवढाच आवाज झाला.

मला स्वतःला या दोघांमध्ये निवड करावीशी वाटत नाही, कारण गाणे ज्या जागी थांबते ती जागा दोघांनीही सोडून दिली. जल्लोष टिपेला पोहोचलेला असताना लाल धुराचा लोट उठतो आणि मेलेल्या चेटकिणीची पश्चिमेकडची बहीण हजर होते. नाचणारे सारे गाव किंचाळत जमिनीवर लोळण घेते आणि नुकताच घोषित झालेला स्वातंत्र्यदिन काही मिनिटांत संपतो. ‘म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो’ ही आपली म्हण या प्रवेशावर मी चालवून पाहिली, तेव्हा ती उलटी बसली: इथे म्हातारी मेल्याचा आनंद आहे, पण काळ तिच्या बहिणीच्या रूपाने अंगणातच उभा आहे. ती बहीण रंगवणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन याच प्रवेशातून बाहेर पडताना, २३ डिसेंबर १९३८ रोजी, खऱ्याखुऱ्या भाजल्या. जमिनीतील झडपेतून त्या पुरत्या खाली उतरण्याआधीच ज्वाळा सोडली गेली, चेहरा आणि हात पोळले, आणि चेहऱ्याच्या हिरव्या रंगात तांबे असल्यामुळे त्या जखमांवरूनच तो अल्कोहोलने पुसून काढावा लागला. सुमारे सहा आठवडे त्या चित्रीकरणाला येऊ शकल्या नाहीत. पडद्यावर हे काहीच दिसत नाही.

नंदाताईंनी मग दत्ताला आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती ऐकून तो प्रथमच थोडा नरमला. डोरोथीचा सोबती असलेल्या बुजगावण्याच्या हाताला लागलेली आग विझवताना डोरोथीच्या हातून पाणी उडते आणि पश्चिमेची चेटकीणही विरघळून जाते. त्या विजयासाठी हेच गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केलेले होते, परंतु चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच तो भाग कापण्यात आला. त्यामुळे दुसऱ्या मृत्यूनंतर पहारेकरी गुडघे टेकून डोरोथीचा जयजयकार करतात, पण नाच होत नाही, आणि त्याआधी घाबरलेली डोरोथी आपल्याला तिला मारायचे नव्हते असे म्हणते.

“मग शाळेने ते वाक्यही ठेवावे,” दत्ता म्हणाला.

“ते वाक्य पुढच्या प्रवेशात येते आणि शाळेकडे बारा मिनिटेच आहेत,” सुहासने सांगितले. त्याची अडचण वेगळीच होती. नातीला कोरोनरचे काम मिळाले आहे, दाखला घरून करून आणायचा आहे आणि तो शेवटच्या रांगेतूनही वाचता यावा अशी बाईंची सूचना आहे. वकीलसाहेबांनी खिशातून पेन काढले, टपरीवरचा वर्तमानपत्राचा कागद उलटा केला आणि मृत व्यक्तीचे नाव, मृत्यूचे ठिकाण असे रकाने आखायला घेतले. मृत्यूचे कारण या रकान्यात ‘घर पडणे’ लिहावे की ‘अंगावर घर पडणे’, यावर ते आणि दत्ता दिवे लागेपर्यंत भांडत होते.