तक्ते राहिले, नावे गेली

मराठवाड्यातल्या आमच्या भावकीत गेली दोन-तीन वर्षे एकच शोध चालू आहे. पणजोबाच्या नावापुढे ‘कुणबी’ लिहिलेला एखादा कागद सापडतो का? सापडला तर आम्हा मराठ्यांना कुणबी म्हणून ओबीसी आरक्षण मिळू शकते. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती अशा नोंदींसाठी नेमली गेली. तेव्हापासून खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुक हे शब्द आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लग्नाच्या आमंत्रणांपेक्षा जास्त दिसतात. चुलतभाऊ तहसीलला खेपा घालतो, मोडी वाचणारा माणूस गाठतो, निजामाच्या काळातल्या उर्दू नोंदीचा फोटो टाकून विचारतो, “कुणाला लागतंय का बघा रे.”

मी राहतो अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात. पूर्वजांचा शोध इथेही जोरात असतो, पण त्याला सुट्टीच्या दिवसाचा वास असतो. नातवंडांना शाळेत वंशवृक्ष काढायला सांगतात, निवृत्त माणसे ग्रंथालयात बसून जुन्या नोंदी उकरतात, आणि ज्याचा पूर्वज पहिल्या वसाहतकारांपैकी निघतो तो ते चारचौघांत सांगतो. कुणाची नोकरी त्यावर अडलेली नसते. माझ्या शेजारच्या आजीबाई अशाच. त्यांचे मूळ बोहेमियातले, आजच्या चेक देशातले. खापरपणजोबा-पणजी सलाइन काउंटीत येऊन राहिले. आजीबाईंना संगणकाचा कंटाळा, म्हणून त्यांच्या शोधात मी हाताशी लागलो आणि मीच त्यात गुंतलो.

इथल्या जनगणनेचा नियम असा की घरोघरची मूळ पत्रके ७२ वर्षे बंद ठेवायची आणि मग सगळ्यांना उघडी करायची. १९५० ची पत्रके १ एप्रिल २०२२ ला खुली झाली. त्यामुळे शोध उलटा जातो: १९५०, १९४०, १९३०, असे दहा-दहा वर्षांनी मागे सरकत जायचे. आजीबाईंचे आडनाव दर खेपेला वेगळ्या स्पेलिंगने भेटले, कारण गणक ऐकेल तसे लिहायचा आणि त्याला चेक येत नसे. जन्मस्थान एकदा बोहेमिया, एकदा ऑस्ट्रिया. वयाचेही तसेच. दहा वर्षांत बाईचे वय सातच वर्षांनी वाढलेले. आपल्याकडे मॅट्रिकच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून पडायची, त्यातलाच प्रकार.

मग मध्येच भगदाड लागते. १८९० च्या जनगणनेची पत्रके वॉशिंग्टनच्या एका सरकारी इमारतीत होती. जानेवारी १९२१ मध्ये तिथे आग लागली. काही जळाली, बरीचशी पाण्याने भिजली, आणि उरलेलीही पुढे सरकारनेच नष्ट केली. सुमारे ६ कोटी ३० लाख माणसांपैकी जेमतेम सहा हजार नावे वाचली. नेब्रास्काचे नशीब बरे, कारण केंद्राच्या मदतीने इथे १८८५ मध्ये आणखी एक जनगणना झाली होती आणि ती शाबूत आहे. त्या १८८५ च्या पानावर आजीबाईंच्या घरात एक मुलगा दिसतो, दोन वर्षांचा नातू म्हणून नोंदलेला. त्याच्या आधीच्या पानावर तो नाही आणि नंतरच्या पानावरही नाही. कुटुंबात कुणालाही त्याचे नाव ठाऊक नव्हते.

आजीबाईंच्या त्या खापरपणजीची गोष्ट मला जास्त लागली. १८७० च्या गणनेत नवरा शेतकरी, ही ‘घर सांभाळते’. १८८० मध्ये तीच घरप्रमुख, पुढे ‘विधवा’ आणि धंदा ‘शेतकरी’. मधल्या दहा वर्षांत काय घडले ते जनगणना सांगत नाही. ते सांगते जमिनीचे बाड. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळायची, पण पाच वर्षे तिथे राहून ती कसल्याचा पुरावा द्यावा लागे. दोन शेजाऱ्यांनी शपथेवर सांगायचे की घर केवढे, विहीर आहे का, किती एकर नांगरली. हे कागद अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नवरा पाच वर्षे पुरी व्हायच्या आत गेला आणि उरलेला पुरावा बाईने पुरा केला. विधवेला तो हक्क होता, नवरा हयात असलेल्या बाईला स्वतःच्या नावे अर्ज करता येत नसे. शेजाऱ्यांच्या जबानीत घराचे वर्णन आहे: गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या चिपांचे, एक दार, दोन खिडक्या. आणि १९०० च्या गणनेत बायकांसाठी दोन खास रकाने होते, किती मुलांना जन्म दिला आणि त्यांतली किती हयात आहेत. तिच्या पुढे लिहिले आहे ८ आणि ४.

हे पान मी पुन्हा पुन्हा उघडले. कारण माझ्या पणजीचे नावसुद्धा आमच्या घरात कुणाला नक्की सांगता येत नाही. लग्नात बदललेले नाव आजीला आठवत होते, माहेरचे नाही. जमीन पणजोबांच्या नावावर, त्यामुळे महसुलाच्या कागदात ते आहेत. ती कुठेच नाही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमच्या घराण्याची पाने आहेत. तिथेही बाप, आजा, पणजा, चुलते अशी पुरुषांची माळ, आणि बायका आल्या तर ‘सहकुटुंब’ या एका शब्दात. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, ज्यांना यात्रा परवडत नव्हती, त्यांचा तर प्रश्नच नको.

आता घरच्या वादाकडे येतो. २ सप्टेंबर २०२५ ला मुंबईत मराठा आंदोलक मनोज जरांगे यांचे उपोषण सुटले ते हैदराबाद गॅझेटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या जुन्या सरकारी नोंदींच्या, अंमलबजावणीचा शासन निर्णय निघाल्यावर. त्यावर ओबीसी संघटनांचा आक्षेप आहे, आंदोलकांचा आग्रह आहे, कोर्टकज्जे आहेत, आणि आमच्या गटावर दोन्ही बाजूंचे पुढे पाठवलेले निरोप आहेत. आरक्षण कुणाला किती यावर आठ हजार मैलांवरून निवाडा देण्याची माझी हौस नाही. पण या भांडणाच्या तळाशी एक साधी गोष्ट आहे. जुन्या गॅझेटात आणि जनगणना अहवालात जातवार आकडे आहेत. अमुक जिल्ह्यात कुणबी इतके लाख. नावे नाहीत. आकड्यावरून समूहाबद्दल बोलता येते, पण आमचे पणजोबा त्या आकड्यात होते की नव्हते हे सिद्ध करता येत नाही. म्हणूनच गावपातळीवर चौकशी करा, प्रतिज्ञापत्र द्या, नात्यातल्या कुणाची नोंद आहे ते बघा, अशी खटपट करावी लागते.

नावे कधी लिहिलीच गेली नाहीत असे नाही. भारतात १८८१ पासून दर दहा वर्षांनी गणक घरोघर गेले, माणसागणिक नोंद झाली. त्या नोंदींवरून तक्ते तयार झाले, तक्त्यांचे जाडजूड खंड छापले गेले, आणि घरोघरची पत्रके मात्र जपली गेली नाहीत. १९३१ पर्यंत त्यांत जात होती. आज जो पुरावा मिळावा म्हणून माझा भाऊ एसटीने फिरतो, तसा कागद एके काळी गावातल्या प्रत्येक घराचा होता. तो राहिला असता तर आमच्या बाजूने लागला असता की विरुद्ध, ते मला माहीत नाही. पण वाद निदान कागदावर झाला असता.

याची सर्वांत जास्त किंमत मराठ्यांनी मोजलेली नाही, हेही भावकीला रुचले नाही तरी सांगतो. महाराष्ट्रात जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. पालावर राहणाऱ्या माणसाने १९६१ चा राहण्याचा पुरावा कुठून आणायचा? सातबारा नाही, शाळा नाही. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पोलिसांनी केलेली नोंद एवढाच काय तो कागद, आणि तो अपमानाचा. अशा माणसांकडे सरकार आपण होऊन गेले ते फक्त जनगणनेच्या दिवशी.

अमेरिकेतही हीच रेघ आहे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी असे, तीत मालकाचे नाव आणि खाली वय, लिंग, रंग. गुलामाचे नाव नाही. काळ्या कुटुंबांचा शोध १८७० पर्यंत जातो आणि बहुतेकांचा तिथे भिंतीला धडकतो. आजीबाईंच्या पूर्वजांना १६० एकर मिळाले त्याच सुमारास शेजारच्या गेज काउंटीत बिग ब्लू नदीकाठी ओटो-मिसूरिया लोकांची राखीव जमीन होती. १८८१ मध्ये त्यांना आजच्या ओक्लाहोमात हलवले. कर न भरणारे आदिवासी म्हणून अशा लोकांना साध्या जनगणनेत धरतही नसत. पायोनियर पूर्वजांचा अभिमान सांगणाऱ्या कार्यक्रमात हे क्वचितच निघते. आजीबाईंनी मात्र ते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, त्यांचीही यादी कुठे असेल तर शोध.

इथल्या मराठी मंडळात जातगणनेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येते: “बघा, इथे कुणी जात विचारतं का?” जात विचारत नाहीत, पण वंश १७९० च्या पहिल्या जनगणनेपासून विचारतात. आणि आपल्यालाही सोडलेले नाही. १९२० ते १९४० च्या जनगणनांत ‘हिंदू’ हा वंश म्हणून लिहिला जाई, त्यामुळे कॅलिफोर्नियातले पंजाबी शीख शेतकरी कागदोपत्री ‘हिंदू’ झाले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला. न विचारल्याने भेद जातो हे अमेरिकेचे उदाहरण नव्हेच.

भारतात आता पुन्हा विचारणार आहेत. ३० एप्रिल २०२५ ला केंद्राने जातगणनेचा निर्णय घेतला आणि मोजणीचा संदर्भदिवस बहुतेक देशासाठी १ मार्च २०२७ ठरला. भांडण सगळे आकड्यांचे आहे, कोण किती टक्के निघणार. पत्रकांचे पुढे काय करणार, हा प्रश्न मी कुठल्याही चर्चेत ऐकलेला नाही. जनगणना पहिल्यांदाच डिजिटल आहे. पूर्वी कागद ठेवायला गोदामे नाहीत ही सबब चालून जाई, आता ती चालणार नाही.

माझे म्हणणे असे की पत्रके जपावीत आणि शंभर वर्षे बंद ठेवावीत. इंग्लंड शंभर वर्षे थांबते. आपल्याकडे ७२ पुरणार नाहीत, कारण आडनाव आणि जात यांची गाठ अजून सुटलेली नाही आणि आजोबांची जात नातवाला आजही बाधू शकते. १९४८ च्या जनगणना कायद्याचे कलम १५ म्हणते की या नोंदी कुणाला पाहता येणार नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाहीत. शंभर वर्षे ते कलम अक्षरशः पाळावे. कुठल्याही खात्याला, पोलिसांना, पडताळणी समितीलाही आत डोकावू देऊ नये.

यावर उलट उत्तर आहे आणि ते हलके नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने कायद्यातली गुप्तता काढून घेतली, आणि जनगणना खात्याने जपानी वंशाच्या लोकांची माहिती सरकारी यंत्रणांना पुरवली. कोणत्या वस्तीत किती जपानी राहतात याचे तक्ते त्यांना उचलून नजरकैदेच्या छावण्यांत पाठवण्याच्या कामी आले. १९४३ मध्ये तर वॉशिंग्टन परिसरातल्या लोकांची नावे-पत्ते दिले गेले. खाते अनेक दशके हे नाकारत राहिले. जी यादी नाही तिचा गैरवापर होत नाही, असे कुणी म्हटले तर मला ते खोडता येत नाही. पण आपण यादी करतोच आहोत. आधार, रेशन, मतदार यादी, सगळीकडे नावे आहेतच आणि ती आजच्या सरकारच्या हाताशी आहेत. भीती आजच्या वापराची असेल तर पत्रके पुसून ती जात नाही. जातो तो फक्त शंभर वर्षांनंतरचा वाचक.

२०२० च्या अमेरिकन जनगणनेचा फॉर्म मी स्वतः भरला होता. नाव, वय, वंश, घरात कोण कोण. तो १ एप्रिल २०९२ ला खुला होईल आणि माझे नाव लिंकनच्या यादीत कुणालाही वाचता येईल. आई अंबाजोगाईजवळच्या गावात ऐंशी वर्षे राहते आहे आणि आजवरच्या प्रत्येक जनगणनेत मोजली गेली आहे. फेब्रुवारी २०२७ मध्ये गणक पुन्हा तिच्या दारात येईल. फोनवर तिला मी सांगितले आहे की माहेरचे नावही सांग. ती म्हणाली, “त्याचा रकाना असतो होय?”