छाती दाबत असताना लायसन्स कसं मागावं

घरात कुणाचं अचानक काही बिघडलं, तर गोंधळून जाऊ नका. मी स्वतः पॅरामेडिक आहे, म्हणजे अँब्युलन्समधून येऊन जागेवरच उपचार सुरू करणारी, त्यामुळे पुढच्या बहुतेक सूचना तुम्ही आधीपासूनच पाळता हे मला ठाऊक आहे. तरी उजळणी केलेली बरी.

फोनवर "लवकर या" असं ओरडा आणि लगेच फोन ठेवा. पलीकडची व्यक्ती छाती कशी दाबायची ते सांगू पाहत असते. ते ऐकून तसं केलंत, तर आम्ही पोहोचेपर्यंत रुग्णाचा मेंदू शाबूत राहण्याचा धोका संभवतो.

लिफ्ट थांबवून ठेवू नका. स्ट्रेचर जिन्यावरूनच शोभतं.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे अगदी शेवटी सांगा. किंवा सांगूच नका.

मॉनिटरवर सपाट रेषा दिसली की "शॉक द्या, शॉक द्या" असा घोष करा. सपाट रेषेला शॉक देत नसतात, पण सिनेमात देतात ना!

आणि आलेली पॅरामेडिक बाई असेल, तर तिच्या खांद्यावरून मागे बघत "सोबत पुरुष कोणी नाही का?" एवढं विचारून घ्या.

आता मुख्य सूचना. छाती दाबणं चालू असतानाच लायसन्स मागा. परवा एका घरी हा कार्यक्रम इतका साग्रसंगीत पार पडला, की माझे हात अजून शिवशिवताहेत. आजोबा जमिनीवर, नाडी नाही. मी छाती दाबतेय, सहकारी श्वासाचं बघतोय. आणि जावईबापू मोबाईलचा कॅमेरा रोखून उभे. "तुम्ही डॉक्टर आहात का? नाही ना? मग इथे काय प्रयोग लावलेत? गाडीत घाला आणि पळवा. आधी लायसन्स दाखवा." मिनिटाला 100 ते 120 दाब. प्रत्येक दाब किमान 5 सेंटिमीटर खोल, पण 6 च्या पुढे नाही. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमलेला माणूस उथळ दाबतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. यात खिशातून कार्ड काढून दाखवणं तेवढं राहिलं होतं. दाबता दाबता सांगून पाहिलं, की धावत्या गाडीत तोल सावरत असे दाब नीट बसत नाहीत. शॉकचं यंत्र, ऑक्सिजन, अ‍ॅड्रेनालिन, सगळं आम्ही वर घेऊन आलोय. हॉस्पिटलातही सुरुवात याच कामाने करतील. तर म्हणाले, "वाद घालू नका." वाद मी घालत होते! आणि मग त्यांनी माझा दंड धरला. दाबण्यात खंड पडला, की हृदयाला मिळणारं रक्त झपाट्याने कमी होतं आणि ते पुन्हा पहिल्याइतकं व्हायला कितीतरी दाब खर्ची पडतात. सासरे त्यांचे होते हो, माझे नव्हते!

तर लायसन्स. आहे. लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक परीक्षा, वॉर्डात आणि गाडीवर काढलेल्या पाळ्या, हे सगळं झाल्यावरच मिळतं आणि मुदतीत नवं केलं नाही तर जातं. अमेरिकेत राष्ट्रीय प्रमाणपत्राचं दर दोन वर्षांनी नूतनीकरण, वर राज्याचं लायसन्स वेगळं. ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना स्वतःला पॅरामेडिक म्हणवून घेणं हा गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियात डिसेंबर 2018 पासून देशभर एकच नोंदणी. दुसऱ्या देशात गेलं की पुन्हा अर्ज, पुन्हा कागद. हृदयं मात्र सगळीकडे सारखीच बंद पडतात.

"तुम्हा लोकांना हे शिकवतं कोण?" हेही विचारा. 1967 साली पिट्सबर्गमध्ये डॉ. पीटर सफार यांनी शिकवलं, ज्यांना कुणी नोकरीवर ठेवत नव्हतं अशा कृष्णवर्णीय तरुणांना. त्यांच्या फ्रीडम हाऊसच्या गाड्या अमेरिकेतल्या पहिल्या पॅरामेडिक सेवांपैकी एक. 1975 साली शहराने स्वतःची सेवा काढली आणि यांची बंद पाडली. काम येत असलं तरी माणूस आधी चेहऱ्यावरून जोखायचा, ही परंपरा जावईबापूंनी सुरू केलेली नाही.

लायसन्स विचारायची खरी वेळ मात्र चुकूनही साधू नका. ज्या गाडीत एक सिलिंडर, एक चादर आणि नाडी कुठे बघायची हे न शिकवलेला एक मुलगा असतो, तिला फक्त भाडं विचारा. सायरन वाजतो ना, मग झालं.

पुरे. उपरोध माझ्याच्याने आता होत नाही. लायसन्स बघायचा तुम्हाला हक्क आहे, पण तो तुम्ही शांतपणे, दिवसाढवळ्या, गाडीचं कंत्राट देताना का वापरत नाही? तेव्हा मागा की नोंदणी क्रमांक! मुदत संपली नाही ना, ते बघा. नसेल लायसन्स, तर हाकलून द्या. तिथे तुम्हाला स्वस्त हवं असतं आणि आमच्यासमोर मात्र कायदा आठवतो. आम्ही जमिनीवर गुडघे टेकून बसलो, की कॅमेरा खिशात घाला. टेबल सरकवा. औषधांची पिशवी आणा. एकाने खाली जाऊन लिफ्ट धरा. कार्ड मी दाखवीन, त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, हवी तिथे तक्रार करा. पण ते सगळं नंतर. काम चालू असताना माझ्या हाताला हात लावायचा नाही.