मुलांचे चष्मे काढून घेऊ नका, त्या फॉरवर्डमध्ये लिहिलंय ते चूक आहे

"चष्म्याला करा रामराम, फक्त 30 दिवसांत" असा एक मेसेज फिरतोय, तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. त्यात सांगितलंय की मुलांचा चष्मा बंद करा कारण चष्म्यानेच नंबर वाढतो, डोळ्यात मध आणि कांद्याचा रस घाला, तान्ह्या बाळाला रोज काजळ घाला, पहाटे उगवत्या सूर्याकडे टक लावून बघायला लावा, गाजर खायला द्या, बुबुळं गोल फिरवायचे व्यायाम करा. खाली 'जास्तीत जास्त शेअर करा' आहेच.

एरवी मी असे मेसेज न वाचता डिलीट करते, पण हा माझ्या ताईच्या घरी पोचला. माझा भाचा सहा वर्षांचा आहे, त्याचा डावा डोळा आळशी आहे आणि त्या डोळ्याला मोठा प्लस नंबर आहे. ताई-भावजी दोघं नोकरीला जातात, दिवसभर तो आजीजवळ, म्हणजे काकूंजवळ असतो. काकूंनी मेसेज वाचला आणि ताई बाहेर पडली की चष्मा कपाटात, ती यायच्या आधी परत डोळ्यावर, असं जवळजवळ दोन महिने चाललं. काकूंचा जीव आहे नातवावर, त्यांना खरंच वाटलं की आपण पोराचा चष्मा घालवतोय. मला राग आहे तो हे लिहिणाऱ्यावर.

तर आधी चष्म्याचंच बघू कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे आहे. नंबर का वाढतो? जन्मताना डोळ्याची लांबी साधारण 17 मिलिमीटर असते, मोठेपणी 24 च्या आसपास होते. काही मुलांमध्ये डोळा गरजेपेक्षा जास्त लांब होतो, मग लांबच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पडायच्या ऐवजी पडद्याच्या अलीकडेच पडते आणि फळ्यावरचं पुसट दिसतं. लांबी एक मिलिमीटर जास्त झाली की मायनस नंबर अडीच-तीनने वाढतो. शाळेच्या वयात मूल वाढतं तसा हा डोळाही वाढतो आणि चष्माही नेमका त्याच वयात लागलेला असतो, म्हणून लोकांना वाटतं चष्म्यानेच नंबर वाढला. दरवर्षी मोठे बूट घेतो म्हणून मुलाचा पाय वाढतो असं कोणी म्हणतं का?

दुसरं, चष्मा काढला की आधीपेक्षा जास्त धूसर वाटतं, त्यालाच लोक 'सवय लागली' म्हणतात. अहो, आधीही तेवढंच धूसर होतं, फक्त स्पष्ट कसं दिसतं हे मुलाला माहीतच नव्हतं.

आणि कमी नंबरचा चष्मा देऊन नंबर वाढायचा थांबतो का हे लोकांनी मुलांवर तपासून बघितलंय. मलेशियात 9 ते 14 वर्षांची 94 मुलं घेतली, अर्ध्यांना पूर्ण नंबरचा चष्मा दिला, अर्ध्यांना मुद्दाम पाऊण नंबरने कमी. दोन वर्षांनी पूर्ण चष्मा लावणाऱ्यांचा नंबर सरासरी 0.77 ने वाढला होता आणि कमी नंबरवाल्यांचा 1.00 ने! हा अभ्यास 2002 साली 'व्हिजन रिसर्च' मध्ये छापून आलाय. साध्या चष्म्याने नंबर वाढायचा थांबतो असं मी म्हणत नाहीये, त्यासाठी वेगळे ड्रॉप्स आणि वेगळ्या काचा असतात, ते डॉक्टर ठरवतील. पण चष्म्याने नंबर वाढतो हे मुलांच्या मनात भरवू नका.

भाच्याची गोष्ट तर याहून गंभीर आहे. आळशी डोळ्यात डोळा वरून चांगला दिसतो, पण त्याच्याकडून मेंदूकडे कायम धूसर चित्र जातं, मग मेंदू चांगल्या डोळ्याचंच ऐकायला लागतो आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतो. मेंदूला ही सवय मोडायला लावायची ती लहानपणीच, सात वर्षांच्या आत सगळ्यात चांगला फायदा होतो, पुढे ते अवघड होत जातं आणि मोठेपणी भारीतला भारी चष्मा लावला तरी त्या डोळ्याला पूर्ण दिसेलच असं नाही. म्हणजे इथे चष्मा हेच औषध आहे आणि तेच दोन महिने कपाटात पडून होतं. तपासणीला नेलं तेव्हा डावा डोळा आधी वाचत होता त्यापेक्षा एक ओळ मागे गेला होता, ताई तिथेच रडायला लागली.

आता मध आणि कांदा. स्वयंपाकघरातला मध निर्जंतुक नसतो, कांद्याच्या रसाने डोळ्यांची नुसती आग होते, मूल डोळे चोळतं, बुबुळावर ओरखडा उठतो, त्यात जंतू गेले तर जखम होते आणि ती बरी झाली तरी फूल, म्हणजे पांढरा डाग, पडून राहू शकतं. ते फूल मग आयुष्यभर नजरेच्या आड येतं. 'पाणी येतं म्हणजे घाण बाहेर पडते' असंही त्यात लिहिलंय, पाणी येतं कारण डोळ्याला इजा होतेय!

काजळ घालून डोळे मोठे होत नाहीत. बऱ्याच काजळ-सुरम्यांमध्ये शिसं सापडलंय, ते बाळाच्या बोटाने तोंडात जातं आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनात असा सुरमा वापरायला परवानगीच नाही. घरी केलेलं असलं तरी बोटावरचे जंतू डोळ्यात जातातच. दृष्ट लागू नये म्हणून लावायचं असेल तर तळपायाला तीट लावा, डोळ्यात नको.

सूर्याचं बोलायचं तर एक गोष्ट मान्य करावी लागेल, उन्हा-उजेडाचा डोळ्यांना फायदा होतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात 12 शाळांमध्ये प्रयोग झाला, निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जास्त मैदानात काढलं. तीन वर्षांनी तिथे 30.4 टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, बाकीच्या शाळांत 39.5 टक्के. 2015 ला आलेला अभ्यास आहे. पण ती मुलं मैदानात होती, सूर्याकडे टक लावून बघत नव्हती. सूर्याकडे बघितल्याने पडदा मधोमध भाजतो, दुखतही नाही त्यामुळे कळत नाही. मुलांना खेळायला सोडा, क्लासची एक वेळ कमी करा, एवढं पुरे.

गाजरातही अर्धं खरं आहे. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, म्हणून तर अंगणवाडीत नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत त्याचे डोस देतात, ते चुकवू नका. गाजर, पपई, शेवग्याचा पाला, अंडं सगळं द्या. पण लांबलेला डोळा गाजराने आखूड होत नाही. बुबुळं फिरवून पण होत नाही.

यापेक्षा मेसेजमध्ये हे लिहिलं असतं तर बरं झालं असतं: मूल टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसतंय, डोळे बारीक करून बघतंय, मान तिरकी करतंय, एक डोळा तिरळा वाटतोय तर डॉक्टरांना दाखवा, 'मोठेपणी जाईल' म्हणू नका. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका बुबुळात पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात जा, ती डोळ्याच्या कॅन्सरची खूण असू शकते. आणि तक्रार नसली तरी शाळेत जायच्या आधी एकदा तपासून घ्या, एका डोळ्याला कमी दिसत असेल तर मूल सांगत नाही कारण त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत आणि शाळेत येते, 2013 ला आपल्या पालघरमधूनच सुरू झालेली योजना आहे ही. त्यांनी चिठ्ठी दिली तर ती दप्तरात पडून राहू देऊ नका.

भाच्याला आता चष्म्यासोबत चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावायला सांगितलीय. मी काकूंजवळ बसून हे सगळं त्यांना वाचून दाखवलं, त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आता पट्टी त्याच लावतात, त्याला चित्रं रंगवायला बसवतात आणि भिंतीवरच्या घड्याळात दोन तास पूर्ण झाल्याशिवाय काढू देत नाहीत.