मेणाची वेलांटी

घरगुती उद्योग काढणाऱ्या माणसाला सगळ्यांत आधी भांडवल मिळतं ते 'त्यात काय एवढं' या वाक्याचं. नातेवाईक ते बिनव्याजी देतात आणि कधीच परत मागत नाहीत. मुलांच्या दप्तरातले मेणाचे खडू, म्हणजे क्रेयॉन, घरी बनवायचं मी जाहीर केलं तेव्हा आमच्याकडे हे भांडवल इतकं जमा झालं की ठेवायला जागा पुरेना. मेण वितळवायचं, रंग घालायचा, साच्यात ओतायचं. तीन क्रियापदं, तिन्ही सकर्मक. त्यात काय एवढं!

पहिल्याच क्रियापदाला पातेलं लागतं. पॅराफिन मेण साधारण ५५ ते ६० अंशांना वितळतं, म्हणजे पाणी उकळायच्या कितीतरी आधी. त्यामुळे माणूस गाफील राहतो. पाणी निदान उकळताना आवाज करतं, दूध उतू जाऊन तक्रार नोंदवतं. मेण काहीच करत नाही. ते शांतपणे तापत राहतं आणि २०० अंशांच्या आसपास त्याची वाफ सरळ पेट घेऊ शकते. म्हणून ते थेट आचेवर ठेवायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, त्या पाण्यात मेणाचं भांडं, आणि पाण्याचा एक थेंबही मेणात जाता कामा नये. पाण्यात उभं राहून कोरडं राहायचं, हे त्या भांड्याला जमतं, मला अजून जमत नाही.

मोठं पातेलं सासूबाईंचं होतं. जाड बुडाचं, त्यांच्या लग्नाआधीपासूनचं. "दोन दिवसांत परत देते," असं म्हणून मी ते घेतलं. आता त्याच्या कडेला सात रंगांचे थर आहेत आणि सासूबाई ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. अर्थात कौतुक म्हणून नव्हे.

मेणात कडकपणा यावा आणि खडू साच्यातून सुटावा म्हणून स्टिअरिक ॲसिड घालतात. ती पुडी ओट्यावर होती आणि सासूबाईंनी चष्मा लावला.

"हे काय गं?"

"ते ना, स्टिअरिक ॲसिड."

"ॲसिड? लहान मुलांच्या हातात?"

"आई, नावाला ॲसिड आहे ते. चरबीतून नाहीतर वनस्पती तेलातून काढतात. तुमच्या साबणातही असतं."

"माझ्या?" असं म्हणून त्यांनी साबण बदलला. त्या नव्या साबणातही ते आहेच, पण तेव्हा मी गप्प बसले, कारण पातेलं अजून परत करायचं होतं. गंमत म्हणजे क्रेयॉनची डबी उघडल्यावर जो वास येतो, ज्याने भलीभली माणसं क्षणात पहिलीच्या वर्गात जाऊन बसतात, त्यात याच ॲसिडचा मोठा वाटा असतो. हे सांगितल्यावर सासूबाईंनी एक खडू नाकाशी नेला, बराच वेळ धरला आणि काही न बोलता कपाटात ठेवून दिला.

रंगाच्या बाबतीत वरच्या मजल्यावरच्या काकूंचं मत ठाम होतं. खायचा रंग घाल, म्हणजे पोरांनी चावला तरी चिंता नको. दिसायला बिनतोड युक्तिवाद. पण खायचा द्रवरंग पाण्यातला आणि मेणाचं पाण्याशी पिढीजात वैर. रंग मेणात मिसळतच नाही. त्याचे मणी होतात आणि ते तळाशी जाऊन बसतात, वर मेण स्वच्छ पांढरं. मी काकूंना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ढवळलं नसशील."

मेणबत्तीचा रंग मेणात छान विरघळतो, पण तो खडूतून शेजारच्या खडूत आणि हातावर उतरायला बघतो. अभ्रकाची चकचकीत भुकटी साच्यात सोन्यासारखी दिसते आणि कागदावर जवळजवळ काहीच उमटत नाही. म्हणजे घ्यायची ती बारीक दळलेली रंगभुकटी, आणि तीही कुठली, हे नीट पाहून. पिवळ्या रंगासाठी पूर्वी लेड क्रोमेट सर्रास वापरत. रंग सुंदर, पण त्यात शिसं. भर म्हणून टाल्क, म्हणजे शंखजिरं, घालायची पद्धत होती, तर २००० साली अमेरिकेत काही क्रेयॉनमध्ये फुप्फुसांना घातक अशा ॲस्बेस्टॉसचे अंश सापडले आणि त्याचा माग टाल्कपर्यंत गेला. धोका अगदी कमी असल्याचं तिथल्या सरकारी यंत्रणेनं सांगितलं, तरी कंपन्यांनी टाल्क काढायचं कबूल केलं. हे वाचल्यापासून मी भर घालायला साधी खडूची भुकटी वापरते आणि रंग विकणाऱ्याकडे प्रत्येक रंगाचा तपासणी अहवाल मागते. रंग विकणारा पहिल्यांदा हसला. आता माझा फोन उचलत नाही.

कारण आईवडिलांचा प्रश्न एकच असतो: खाल्लं तर चालेल का? रंग गडद आहे का, टिकतो का, कागद फाडतो का, असलं कुणी विचारत नाही. जणू मी बाळांसाठी आहार बनवते आणि चित्रं काढता येणं हा त्याचा दुष्परिणाम आहे.

तिसरं क्रियापद, ओतणे, हे नवऱ्याने स्वतःकडे घेतलं. पुरुषांना ओतायला आवडतं, ढवळायला नाही. पण भुकटी मेणात विरघळत नाही, नुसती तरंगत असते, आणि हात थांबला की तळ गाठते. मग एका घाण्यातले पहिले खडू फिकट, शेवटचे इतके गडद आणि भुसभुशीत की कागदावर ठेवले की मोडतात. शिवाय मेण थंड होताना आकसतं. वरून काठोकाठ भरलेल्या साच्यात थोड्या वेळाने पाहावं तर प्रत्येक खडूच्या डोक्यात खड्डा. तो पुन्हा गरम मेणाने भरायचा, आणि तेही खडू पुरता गार होण्याआधी, नाहीतर वरची टोपी नंतर सुटून हातात येते. नवऱ्याला हे सगळं संथ वाटलं. त्याने साचे फ्रीझरमध्ये ठेवले. बाहेर काढल्यावर प्रत्येक खडूवर बारीक तडे होते. "ही डिझाइन आहे," तो म्हणाला. एका गिऱ्हाइकाला ते पटलंसुद्धा, म्हणून त्याला आता आवरणं कठीण आहे.

त्याने उद्योगाचा इतिहासही वाचून ठेवला आहे. एडविन बिनी आणि हॅरल्ड स्मिथ हे चुलतभाऊ आधी धान्याच्या कोठारांना लावायचा तांबडा रंग आणि काजळी विकत, आणि १९०३ साली त्यांनी आठ रंगांची क्रेयोलाची डबी बाजारात आणली. 'बघ, त्यांनीही काजळीपासूनच सुरुवात केली', हे तो मला स्वयंपाकघराचं छत दाखवून सांगतो.

मला स्वतःला आवडतो तो एमर्सन मोझर. क्रेयोलाच्या कारखान्यात सदतीस वर्षं खडू ओतले, सुमारे एक अब्ज चाळीस कोटी. १९९० साली निवृत्त होताना त्याने सांगितलं की आपल्याला काही रंग नीट ओळखू येत नाहीत, रंगांधळेपणा आहे. आमच्या निळ्या-जांभळ्याच्या भांडणात मी हा दाखला देते. नवरा म्हणतो, त्याच्या डब्यांवर नावं छापलेली होती.

नावाची पट्टी हा एक वेगळाच जाच. खडूभोवती कागद गुंडाळायचा, पण गोंद मेणाला धरत नाही. म्हणून कागदाचा कागदावर पदर येईल इतका तो लांब कापायचा आणि कागदालाच कागद चिकटवायचा. सैल गुंडाळला तर खडू पट्टीतून घरंगळून पडतो. घट्ट गुंडाळताना बोटाची ऊब लागून खडूला कंबर येते. हे काम संध्याकाळी सगळ्यांनी मिळून करायचं असं ठरलं आणि त्यानंतर आमच्या घरी संध्याकाळी कुणी सापडेनासं झालं.

एवढं करून तपासणीला खडू दिले शेजारच्या साडेतीन वर्षांच्या मुलीकडे. ती मांडी घालून बसली. आधी प्रत्येक खडूची पट्टी सोलली, गोंद लावलेल्या कडेपासून, नख घालून, एका ओढीत. मग प्रत्येक खडूचे दोन तुकडे केले. मग वास घेतला. मग पांढरा सोडून सगळे जिभेला लावून पाहिले. पांढरा तिने माझ्याकडे परत सरकवला. चित्र काढलं नाही. (पांढऱ्या खडूने कागदावर काढून वरून जलरंग फिरवला की रेघा पांढऱ्या उमटतात, ही युक्ती मी तिला दाखवली. तिला मी दयनीय वाटले असावे.)

याच सुमारास कळलं की साधे लांबट खडू घरच्या माणसाकडून कुणी विकत घेत नाही. ते कारखान्याचे स्वस्त आणि बरे मिळतात. घरगुतीला मागणी आहे ती मुलाच्या नावाच्या खडूंना. प्रत्येक अक्षर म्हणजे एक खडू, डबीत नाव मांडलेलं. साचे तयार मिळतात, पण सगळे रोमन लिपीचे. माझ्या गिऱ्हाइकांना देवनागरी हवी होती. मातृभाषेचं प्रेम अनावर होऊन मी अक्षरं घडवली, त्यांच्यावर सिलिकोन ओतून साचे केले, आणि मग मेणाने मला मराठीचं व्याकरण शिकवायला सुरुवात केली.

मेणाच्या दृष्टीने मराठीत काना हे एकमेव विश्वासार्ह चिन्ह आहे. सरळ खांब, खाली जाड, वर जाड. वेलांटी मानेपाशी तुटते. उकार साच्यातून काढतानाच खाली राहतो. मात्रा कुणी टेबलावर ठेवण्याच्या आवाजानेही जाते. अनुस्वाराचं तर बोलूच नका, तो कशालाच चिकटलेला नसतो! 'किरण'ची डबी पोहोचली आणि फोन आला, "ताई, हे 'करण' झालंय, आमच्याकडे मुलगी आहे हो." 'मेघना' ही 'मघना' झाली. 'नंदिनी'चं टिंब डबीच्या कोपऱ्यात सापडलं.

आणि हे नुसतं शुद्धलेखनाचं प्रकरण नाही. खेळण्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो का, हे पाहायला ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी असते. तुकडा तिच्यात पूर्ण मावला तर तो तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायचा नाही. मी तशी नळी करून घेतली. तिच्यात सगळ्या वेलांट्या मावतात. ऱ्हस्वही आणि दीर्घही.

तेव्हापासून मला नावं ऐकली की बांधकाम दिसतं. कमल, अमर, सागर, तारा ही माझी आवडती माणसं. ओळखीत कुणी बाळाला घेऊन आलं की मी त्याचं तोंड पाहण्याआधी नाव विचारते, आणि ते 'राधा' निघालं तर माझ्या डोळ्यांत पाणी येतं. परवा एका गृहस्थांचा फोन आला.

"मुलाचं नाव हृषीकेश. जमेल ना?"

मी खुर्चीत बसले. "घरी काय हाक मारता हो त्याला?"

"बाळ म्हणतो. पण आता तो सातवीत आहे."

"'बाळ' फार भक्कम होतं," मी म्हणाले. "दोन अक्षरं, एक काना. पिढ्यान् पिढ्या टिकेल."

फोनवर मागून पोराचा आवाज आला. त्यात 'बाळ' हा शब्द दोनदा होता आणि दोन्ही वेळा चढा. मग बापलेकांची वाटाघाट चालली, ती मी श्वास रोखून ऐकली. 'हृषी' नको म्हणून मी मध्येच सुचवलं. शेवटी एकच 'ह' ठरला, मोठा, निळा, खाली काही न लटकणारा. दर मात्र त्यांनी अक्षरावर लावायला सांगितला, नावावर नाही.