इंदोरी फटाका आणि मामांची रिक्षा

आज दुपारी आईला डोळे दाखवून घरी आणत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार दिवस झालेत, काळा चष्मा आहे. कोल्हापुरात दसरा चौकात सिग्नलला आमच्या रिक्षाला खेटून एक बुलेट थांबली. विशीतला पोरगा. मडगार्ड कापलेलं, हँडल खांद्याएवढं उंच, मागची सीटच काढून टाकलेली आणि खाली इंदोरी फटाका, म्हणजे बार काढणारा सायलेन्सर. सिग्नल सुटेपर्यंत त्यानं तीनदा बार काढला. आईनं माझा दंड असा धरला की अजून दुखतोय. तिला आधीच धड दिसत नाही, त्यात कानाशी हा स्फोट. आणि कडेची पोरं मोबाईल काढून "नाद खुळा भावा!" म्हणत शूटिंग करत होती.

रिक्षावाले काका म्हणाले, "सोडा ताई, ऐंशी हजार घातलेत त्यानं गाडीवर."

गाडीची किंमत वेगळी, वर ऐंशी हजार. कशासाठी? एकट्यानं बसायला!

घरी आल्यापासून जुलै २००५ ची ती रात्र डोक्यातून जात नाही. पुराचे दिवस, पाऊस कोसळत होता. रात्री दीडला बाबांना दम्याचा अ‍ॅटॅक आला. आमचा बोळ असा की समोरून हातगाडी आली तर भिंतीला चिकटून उभं राहायचं. अ‍ॅम्ब्युलन्स आत येणं शक्यच नव्हतं. दारात दादाची मोटरसायकल उभी होती. दोन वर्षं पगारातून पैसे बाजूला काढून त्यानं ती सजवली होती, सगळं क्रोम केलेलं, वर ताडपत्री. श्वास लागलेल्या माणसाला त्या पावसात तिच्यावर बसवणार कसं? शेजारचे मामा बनियनवरच धावत आले, रिक्षा काढली, बाबांचं डोकं आईच्या मांडीवर, मी पायाशी. तीन चाकं आणि एक छप्पर, त्यामुळे बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले.

म्हणून मला राग येतो. छप्पर असलेली, चार माणसं नेणारी, कमी पेट्रोल पिणारी स्वस्त गाडी म्हटलं की आपल्या लोकांना हसू फुटतं. २०१९ ला बजाजची क्यूट महाराष्ट्रात आली तेव्हा मी ती घेणार होते. पेट्रोलची २ लाख ४८ हजार, सीएनजीची २ लाख ७८ हजार. २१६ सीसीचं इंजिन, वेग ताशी ७० पर्यंत, अ‍ॅव्हरेज लिटरला ३५ सांगत होते. चाकं चार आहेत, पण जीव रिक्षाचाच, आणि मला तेच हवं होतं. घरात विषय काढला तर एकेक जण सुरू झाला. "रिक्षाच की ती." "लग्नाला त्यातनं जाणार का?" "त्यापेक्षा जुनी अल्टो घे." मी गप्प बसले, घेतली नाही. त्याचा पश्चात्ताप आज रिक्षात बसून झाला.

आणि ज्या बुलेटचं एवढं कौतुक, तिचं अ‍ॅव्हरेज किती? तेच, पस्तीसच्या आसपास. तेवढ्याच पेट्रोलमध्ये एक गाडी आईबाप-पोरांना कोरडं घरी आणते आणि दुसरी एकट्या माणसाला मिरवते. फोटो मात्र दुसरीचे निघतात.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. इंग्लंडात रिलायंट रॉबिन नावाची तीनचाकी होती, १९७३ ची. फायबरग्लासची हलकी बॉडी, मोटरसायकलच्या लायसन्सवर चालवता यायची. साध्या माणसांनी त्यात संसार केले आणि बाकीच्यांनी तिची टिंगल केली. अमेरिकेत ईलिओ म्हणून तीनचाकीची घोषणा झाली, ६,८०० डॉलर, गॅलनला ८४ मैल म्हणजे आपले लिटरला जवळपास ३६ किलोमीटर. हजारो लोकांनी आगाऊ पैसे भरले, गाडी काही मिळाली नाही. म्हणजे गरज आहे हो लोकांना! आणि आपल्याकडे? इथून तासाभरावर इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णींनी मीरा नावाची छोटी गाडी स्वतः बनवून रस्त्यावर चालवून दाखवली होती. तिचा कारखाना काही उभा राहिला नाही.

तीन चाकं वळणावर उलटतात, हे मान्य. पुढं एकच चाक असलं तर जास्तच. ईलिओला म्हणूनच पुढं दोन आणि मागं एक चाक होतं.

गाडी सजवणं ही कला आहे असं कुणी म्हणेल. आहे. मी कोल्हापूरची आहे, मला ते शिकवू नका. रिक्षा सुंदरी स्पर्धा आपल्याच गावात होते. मामांच्या रिक्षात आरसे, गोंडे, अंबाबाईचा फोटो, आत स्वच्छ मखमल. पण त्या मखमलीवर माणूस बसायचा. मामांनी सजवताना सीट काढून टाकली नव्हती.

गाडीची मूळ रचना बदलायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ च्या दुरुस्तीनं अशा बदलाला ५,००० रुपये दंड आहे. पोलीस मधूनच सायलेन्सर रोलरखाली घालतात, बातमी येते. पुढच्या आठवड्यात नवा फटाका बसलेला असतो.

एवढं लिहून उठले, आईच्या डोळ्यांत थेंब घालून आले. आता मी जरा शांत आहे. त्या पोराबद्दल फार कडू लिहिलं, पण खोडत नाही. फक्त दादाबद्दल एक राहिलं. त्या रात्री रिक्षात जागा नव्हती, तो छत्री न घेता मागून पळत आला, दवाखान्यापर्यंत. सकाळी पायऱ्यांवर बसून रडत होता. "माझी गाडी दारात असून काय उपयोग झाला गं," म्हणाला. गाडीवर त्याचा फार जीव होता. तरी दिवाळीच्या आत विकली. ईलिओचा व्हिडिओ मला त्यानंच पाठवला होता.

तर कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागात कुणाकडे वापरलेली क्यूट विकायची असेल तर इनबॉक्स करा. सीएनजी असेल तर उत्तम, एमएच ०९ पासिंग असेल तर आणखी बरं. रंग कुठलाही चालेल. बघायला येताना आईला घेऊन येईन. मागच्या सीटवर तिला पाय न दुमडता बसता आलं पाहिजे.