अकरा वर्षांत एकच प्रमोशन?
परवा नोकरीच्या मुलाखतीत पुन्हा तेच. समोरच्याने बायोडेटावर पेन टेकवलं, भुवई उंचावली, "अकरा वर्षांत एकच प्रमोशन? का बरं?"

अहो, भोसरीतल्या छोट्या कारखान्यात अकाउंट्सला आम्ही तिघंच. वरची खुर्ची एकच, आणि साहेब अजून रिटायर व्हायचेत. मी चढू कुठे? १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा व्हॅट, एक्साइजची खाती मिटवून सगळं नव्याने बसवलं ते मी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कामगारांचे पगार एक दिवसही लांबू दिले नाहीत. त्याबद्दल एक प्रश्न नाही!

आईचं डायलिसिस होतं, आठवड्यातून दोनदा अर्धी रजा लागायची, म्हणून नोकरी बदलली नाही. तेही ह्या परक्या माणसापुढे उलगडून सांगायचं? नुसता संताप होतो जिवाचा.